दोनदा उमटलेला एकशे सतरा

००१

मित्रांनो, मी एक जुने, मुठीत मावणारे, आकडे छापणारे यंत्र आहे. माझ्या पोटात पोलादाची सहा चाके आहेत. डोक्यावरचा दांडा दाबला की कागदावर आकडा उमटतो आणि चाक आपोआप पुढे सरकते. खांद्यावर एक खटका आहे. तो ‘दोन’वर ठेवला की एकच आकडा दोनदा उमटतो; एकदा अर्जावर, एकदा अर्जाच्या नकलेवर. हा खटका ध्यानात ठेवा.

००२

वकीलबाईंनी मला पहिल्या कमाईतून विकत घेतले. बुडालेले कारखाने हेच त्यांचे काम. कारखाना बुडाला की ज्यांचे येणे असते ते सगळे दारात येतात. बँक येते, माल पुरवणारे येतात, सर्वांत शेवटी कामगार. त्यांचे अर्ज घेऊन यादी करण्याचे काम कोर्ट बाईंवर सोपवी. ठरलेल्या तारखेनंतर ज्याचे यादीत नाव नाही, त्याच्या हातात काही नाही.

मला चालवत ते बाईंचे कारकून, काका. माझा खटका ते कायम ‘दोन’वरच ठेवत. कुणी नक्कल आणली नसली, की काका एक ठोका रद्दी कागदावर वाया घालवत, म्हणजे चाक अडून राहत नसे.

“काका, रद्दीवर काय नक्षी काढताय?” बाई विचारत.

“कारखाने बुडू देत, बाई. आपला आकडा बुडायला नको.”

वीस वर्षे बुडाला नाही. कोर्टात बाईंच्या यादीवर कुणी बोट ठेवत नसे. मला फार अभिमान होता.

००३

मग कागद गिरणी बुडाली. शेवटच्या दिवशी रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली होती. खोके पुरवणाऱ्याने एकच कागद दिला. मी ११७ उमटवला. काकांनी रद्दीकडे हात नेला, तेवढ्यात कुणीतरी ओरडले, “ओ काका, आम्ही काय इथेच म्हातारे होऊ?” वाया घालवायचा ठोका राहिला.

पुढचा कागद गिरणीचा बॉयलर चालवणाऱ्या कामगाराच्या बायकोचा होता. तोही एकच. त्यावरही ११७ उमटला. काकांनी नाव आणि तोच आकडा लिहून तिला पावती दिली. यादी करताना तिचा अर्ज पहिल्याची नक्कल समजून, न वाचताच, मागे टाचला गेला.

००३

तीनच्या मागे टाचलेला हा दुसरा तीन तिचा आहे.

यादी कोर्टात गेल्यावर ती आली. “बाई, यादीत आमचं नाव नाही. ह्यांना श्वास पुरत नाही हो. दवाखानेवाले आधी पैसे भरा म्हणतात.”

बाईंनी फाइल उघडली, मागचे पान उलटले आणि फाइल मिटली. “पावती ठेवून जा. बघते मी.”

ती गेल्यावर काका म्हणाले, “चूक माझी आहे. कोर्टात मी सांगतो.”

“एक चूक निघाली की सगळी यादी उकरतील, काका. वीस वर्षांचं नाव आहे माझं.”

“आणि तिचं?”

बाईंनी फाइल कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत.

ती पुन्हा आली. “बघते आहे,” बाई म्हणाल्या. मधल्या काळात कोर्टाने यादी मंजूर केली.

तिसऱ्यांदा ती दारातच उभी राहिली. “आता सावकाश बघा, बाई. घाई संपली.”

००४

त्या संध्याकाळी बाईंनी मला खालच्या कप्प्यात टाकले आणि किल्ली फिरवली. आता आकडे संगणक छापतो. भिंतीवर बाईंच्या सत्काराची तसबीर आहे, असे कप्प्यात ऐकू येणाऱ्या बोलण्यावरून कळते. माझी चाके गंजली आहेत. सहाही चाके गिरणीच्या शेवटच्या आकड्यावर थांबली आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, असे मी सांगायला हवे. पण तुमच्यापैकी कुणी हा कप्पा उघडलाच, तर मला पुसू नका, तेलही घालू नका. आधी माझ्याखालची पावती काढा. तिच्यावर काकांच्या अक्षरात एक नाव आहे. ते मोठ्याने वाचा.