शिट्टी काढली का जेवतो

"रेफरी कोन हाय, कललं काय?"

गावच्या संघाचं बघणाऱ्या तुळशीराम भाऊंनी वेणूबाईच्या ओट्यावर बूड टेकायच्या आधीच हे विचारलं, तेव्हाच माझ्या मनात आलं, आजचा दिवस काही धड जायचा नाही. मी वाल सोलत बसले होते. आमचा ओटा आणि वेणूबाईचा ओटा एकाला एक लागून. मधे गुडघ्याएवढी भिंत, ती पण नावाला. त्यांच्याकडे कोण शिंकलं तरी मला कळतं.

वेणूबाईचा मुलगा अनंता तिथेच बसून फाटक्या जाळ्याला गाठी मारत होता. खाडीवरचे कोळी जुनं जाळं टाकून देतात, ते आमची पोरं गोलाला लावतात. दुपारी फायनल होती. आमचं पालवखार आणि पलीकडचं चिंचखार. भात झोडून मोकळ्या झालेल्या, खाडीकाठच्या खारातल्या शेतातच आमचं मैदान. ढेकळं फोडून, रोलर फिरवून पोरांनी ते कसं सपाट केलं होतं. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड आहे, आणि अनंताचा मुलगा निकेत यंदा पुढच्या फळीत खेळणार होता.

"कोन?" अनंताने मान वर न करता विचारलं.

"दयाराम."

अनंताच्या हातातली सुई थांबली. "कोन दयाराम?"

"आता कोन दयाराम काय इचारतोस? तुजाच भावोजी. तालुक्याच्या मंडलानी त्यालाच पाठवलाय."

अनंताने जाळं उचललं आणि अंगणात भिरकावलं.

नवीन माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. दयाराम म्हणजे वेणूबाईचा जावई, ठमीचा नवरा, तळा गावचा. फार वर्षांपूर्वी तो असाच फायनलला रेफरी म्हणून आमच्या गावात आला. जावई गावात आला म्हणून वेणूबाईने ताट वाढून ठेवलं. हा पठ्ठ्या दारासमोरून गेला आणि घरात शिरला नाही. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही! वर सामन्यात, शेवटी शेवटी, अनंताचा हात लागला म्हणून चिंचखारला पेनल्टी दिली. आम्ही हरलो. अनंता ओरडत होता, खांदा लागला, खांदा लागला. हात की खांदा ते मी नाही पाहिलं, मी तेव्हा चहाच्या टोपाशी होते. पण सासरी पाणी न पिता गेलेला जावई अख्ख्या गावाने पाहिला. त्याच संध्याकाळी अनंताने बहिणीला फोन करून सांगितलं, त्या माणसाची बायको म्हणून या घरात पाय ठेवू नको. ठमी पण त्याच आईची लेक. तिने तो ठेवलाच नाही.

"बदलून घ्या रेफरी," अनंता म्हणाला. "त्यो इकला गेलेला मानूस हाय."

"इकला कोनाला रं? कायतरी बोलू नको," तुळशीराम भाऊ म्हणाले. "मानूस सरल हाय. मला तर त्याचीच भीती वाटते. सरल मानसाचं काय करायचं, ते कुनाला कलत न्हाय."

एवढ्यात आमच्या आळीतला प्रणय मोटरसायकलवरून उतरला. हा नवी मुंबईत कामाला, सुट्टीला आला की सगळ्यांना अक्कल शिकवतो. "मी त्याचे व्हिडिओ बघितलेत, काका. एकदम डेंजर माणूस. पेणच्या मॅचला स्वतःच्या गावच्या कॅप्टनला लाल कार्ड दाखवलं. भाई, जो आपल्या गावाचा नाही झाला तो सासरवाडीचा काय होणार?"

"मंग बदला न," अनंता म्हणाला.

"बदलायला गेलो तर चिंचखारवाले बोलतील, हे घाबरले. त्यापेक्षा सिंपल आहे. मॅचच्या आधी त्याला घरात बोलवा, जेवायला घाला. जेवला तर आपला झाला, शिट्टी जरा सांभाळून मारेल. नाही जेवला तर सगळ्या पब्लिकसमोर कळलं, मनात काय आहे ते."

माझं डोकंच फिरलं. "अरे, त्याला जेवायला बोलावताय का गळाला लावताय?" मी इकडून ओरडले. "आत म्हातारी पडलीय, तिची तरी लाज धरा!"

वेणूबाई आतल्या खाटेवर होती. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरीच न्या, जे खाईल ते द्या. श्वास असा लागायचा की दोन शब्दांच्या मधे आपणच दमून जावं. पण कान शाबूत. तिने हाक मारली, "नूतन, गो नूतन."

मी भिंत ओलांडून आत गेले.

"जावय येतोय काय गो?"

"येतोय म्हनतात."

"ठमी?"

मी काय सांगणार? आईचं दुखणं अनंताने बहिणीला कळवलंच नव्हतं. मीच गुपचूप फोन केला होता. ठमी फोनवर रडली आणि म्हणाली, भाऊ बोलावेल तेव्हा येईन. दोघंही एका मातीची, दुसरं काय!

वेणूबाईने दारात उभ्या असलेल्या अनंताकडे पाहिलं. "रेफरी बदलू नको. तलीतला जिताडा काढ."

"आय, त्याच्यासाठी जिताडा? ज्यानी आपल्याला भर मैदानात..."

"तुजा हात लागला व्हता काय रं तवा?"

अनंताने खुंटीवरचं पागोळं, म्हणजे हातजाळं, काढलं आणि तळीकडे गेला. घराची स्वतःची तळी, त्यात वाढवलेला जिताडा मासा, तो आमच्याकडे उगीच कोणी काढत नाही. जावयासाठी काढतात.

दुपारी वारा सुटला. खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. चिंचखारचे दोन टेम्पो भरून लोक आले आणि नेमके वेणूबाईच्या घरासमोर चिंचेखाली थांबले. आमचे बाप्ये ओट्यावर. सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे. लग्नाची वरात यायची असावी तशी गर्दी, फक्त हसत कोणी नव्हतं.

दयाराम मोटरसायकलवरून आला. अंगात काळा सदरा, गळ्यात शिट्टी. केस पिकले होते. आणि मागे ठमी!

ठमी उतरली ती कोणाकडे न बघता सरळ आत गेली. मी दारात होते. "नूतन वयनी, हेनी ह्यो म्याच मुद्दाम मागून घेतला गो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "म्हनाले, रेफरी म्हनून मला कोन अडवनार न्हाय, माज्या मागं बसून तू चल. न्हायतर मी कशी येनार व्हते?" मग आईच्या खाटेशी बसली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. म्हातारी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मला भडभडून आलं, मी चुलीकडे वळले.

अनंताच्या बायकोने ताट वाढलं. जिताड्याचं कालवण, तळलेली तुकडी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. प्रणय ओट्यावरून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "या, या, रेफरीसाहेब, ताट वाढलंय." चिंचेखालचे चिंचखारवाले टाचा उंचावून बघायला लागले.

दयाराम उंबरठ्यापाशी आला. चप्पल काढली, पण आत पाय ठेवला नाही. तिथूनच वाकून हात जोडले.

"आय, बरी हायस?"

"ये न आत. जेव."

त्याने ताटाकडे पाहिलं. माणसाला भूक लागलेली कळते. तळ्याहून उन्हातून आला होता, ओठ सुकले होते.

"आय, शिट्टी गल्यात हाय तवर मला या गावचं पानी बी चालत न्हाय. त्या गावचं बी न्हाय. तवा बी हेच व्हतं, पन सांगायला जमलं न्हाय. म्याच होऊ दे. शिट्टी काढली का जेवतो. तुज्यासमोर बसून जेवतो."

"बघितलंत?" अनंता ओट्यावरून ओरडला. "परत तेच! पानी बी न्हाय!"

वेणूबाईने मात्र मान हलवली. तिला जावयाचं म्हणणं पटलं होतं की नुसतं त्याचं तोंड दिसलं म्हणून बरं वाटलं, देव जाणे. "जा बाबा," ती म्हणाली. "वाजव तुजी शिट्टी. मी थांबते."

ताट तसंच झाकून ठेवलं. सगळे मैदानाकडे गेले. अनंताची बायकोसुद्धा निकेतचा खेळ बघायला गेली. घरात आम्ही तिघी राहिलो, वेणूबाई, ठमी आणि मी.

मैदान तसं लांब नाही, बांध ओलांडला की झालं. वाऱ्यावर सगळं ऐकू यायचं. शिट्टी वाजली की म्हातारी डोळे उघडायची.

"वाजली गो. येतो काय जेवाय?"

"न्हाय आय, आता सुरू झाला," ठमी सांगायची.

थोड्या वेळाने परत शिट्टी. "येतो काय?"

"न्हाय, फाऊल झाला असेल."

"ताट झाकलंय न? मांजर हाय."

"झाकलंय."

अर्धा खेळ झाला तेव्हा लांब शिट्टी वाजली. म्हातारीने उठायचा प्रयत्न केला. "आता आला. पाट मांड." आम्ही दोघींनी तिला धरून निजवली. सांगितलं, अर्धा झालाय, अर्धा राहिलाय. तिला अर्धा काय कळणार? ती एवढंच म्हणाली, "भुकेला असेल गो."

दुसरा अर्धा सुरू झाल्याची शिट्टी वाजली. नंतर पण वाजली. म्हातारीने विचारलं नाही. मी ठमीकडे पाहिलं, ठमीने माझ्याकडे. ठमीने आईच्या नाकाशी हात धरला.

"वयनी," ती म्हणाली, "अनंताला सांग जा."

मी कशी गेले ते मला माहीत. चप्पल घातली नाही, डोक्यावरचा पदर पडला तो सावरला नाही. बांधावर चढले तर मैदानाच्या चारी बाजूंना माणूसच माणूस, नुसता आरडाओरडा. अनंता पलीकडच्या बाजूला, लाइनीवर उभा राहून घसा फाडत होता. आवाज द्यायला तोंड उघडलं तर तोंडातून आवाजच निघेना. तशीच बांधावर उभी राहिले.

आमच्या निकेतला नेमका तेव्हाच बॉल मिळाला. तो एकाला चुकवून, दुसऱ्याला चुकवून पुढे निघाला. पुढे फक्त गोली. सगळं पालवखार उभं राहिलं. दयाराम त्याच्या मागून धावत येत होता, आणि धावता धावता त्याची नजर माझ्याकडे गेली. मोकळ्या डोक्याची, अनवाणी बाई बांधावर अशी उभी राहते ती कशासाठी, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याने शिट्टी वाजवली. लांब, श्वास संपेपर्यंत.

निकेतचा पाय बॉलवर बसला तो शिट्टीनंतर. बॉल जाळ्यात गेला. सकाळी अनंताने गाठी मारलेल्या त्याच जाळ्यात.

मग जे झालं ते बघवलं नाही. "इकला! इकला गेला!" सगळं गाव एका आवाजात. आयाबहिणींवरून शिव्या. कोणी चप्पल फेकली, कोणी ढेकूळ. ढेकूळ त्याच्या खांद्यावर फुटलं. दयाराम दोन्ही हात खाली सोडून उभा. सगळ्यांच्या पुढे अनंता. धावत गेला आणि त्याने भावोजीची गळपट्टी धरली, मारायला हात उगारला.

दयाराम त्याच्या कानाशी वाकला. मी तोवर धडपडत तिथे पोचले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"अनंता, आय गेली."

अनंताचा हात वरच राहिला. लांबची माणसं अजून ओरडत होती, मार, मार म्हणत होती. मग त्यांनी मला पाहिलं आणि एकेक जण गप्प झाला. चिंचखारच्या पोरांनी बॉल उचलला आणि डोक्यावरचे रुमाल काढले. मैदानावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्यात प्रणय हळूच तुळशीराम भाऊंना विचारत होता, "काका, गोल धरायचा का नाही?" भाऊंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे गेला.

अंधार पडायच्या आत नेलं वेणूबाईला. दयारामने खांदा दिला. ढेकूळ लागलेला तोच खांदा. अंगात तोच काळा सदरा, गळ्यात शिट्टी तशीच. कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नसेल.

दिवे लागले तेव्हा माणसं आंघोळी करून परत आली. मी माझ्या घरून पिठलं-भात करून आणला होता, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. आणि घरात आधी रांधलेलं असेल तर ते पण टाकून द्यायचं असतं. मी टोपं गोळा करून खाडीकडे न्यायला निघाले होते, वर ते झाकलेलं ताट.

"वयनी, ते ताट माजं न?" दयाराम अंगणात उभा होता, केसांतून पाणी निथळत होतं.

"व्हय, पन सुतकाचं झालं आता. टाकायचं हाय."

"द्या इकडं."

"भावोजी, खात न्हाईत ते," अनंता म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'भावोजी' आज निघालं.

दयारामने गळ्यातली शिट्टी काढली. ओली दोरी खुंटीवर अडकवली आणि उंबरठ्याच्या आत, जिथे वेणूबाईची खाट होती त्या जागेसमोर मांडी घातली. "तिला सांगितलं व्हतं," तो म्हणाला, "शिट्टी काढली का जेवतो." आणि त्याने गार झालेल्या कालवणात भाकरी बुडवली. खाताना त्याचे डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. ठमी भिंतीला टेकून बघत होती. ओट्यावर दुपारचेच सगळे बाप्ये होते.

अनंताने मडक्यातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. तांब्या हातातच धरून राहिला.

"तवा," तो म्हणाला, "हात लागला व्हता माजा."

दयारामने घास गिळला.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "पानी दे."