द्वीनाकाठच्या फळीची कैफियत

मी एक लाकडी फळी बोलतेय. नुसतं फळी म्हटलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मी रशियन बायकांची सूत कातायची फळी. आडव्या बुडावर बाईनं बसायचं, शेजारच्या उभ्या पात्याला जवसाचे तंतू बांधायचे आणि ते ओढत ओढत चातीवर सूत गुंडाळायचं.

माझा जन्म रशियाच्या उत्तरेला, द्वीना नदीकाठच्या खेड्यातला. प्रोखोर सुतारानं एक झाड मुळासकट काढलं. खोडाचं माझं पातं झालं, मुळाचं बूड. त्यावर तांबडे घोडे रंगवून त्यानं मला लेकीला, अगाफ्याला, लग्नात दिलं.

हिवाळ्यात गावच्या पोरी एका घरी जमून कातायच्या आणि गायच्या. त्यांच्याकडे नवरीनं रडत गायचं असे, आणि मढ्यापाशी बसूनही गायचं असे. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, शब्द मात्र ज्याचं दुःख त्यानं घालायचे.

पुढे क्रांती झाली, नव्या सत्तेत गावचं चर्च बंद झालं, घंटा उतरवल्या गेल्या. अगाफ्याच्या भावाला एका पहाटे सरकारी माणसांनी नेलं, तो परत आलाच नाही. त्याच्यासाठी मोठ्यानं रडायची सोय नव्हती. अगाफ्या ओठ मिटून चाल गुणगुणायची. ती थरथर माझ्या लाकडात उतरायची.

तीच चाल तिनं नातीला, तमाराला शिकवली. गाव ओस पडल्यावर तमारानं मला शहरात नेलं. शाळेत ती गाणं शिकवायची. समारंभात साहेब लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे, आपल्या थोर परंपरेवर बोलायचे. मग युक्रेनवर फौजा गेल्या. सैनिकांना निरोप देताना मुलांकडून गाणं म्हणवून घ्यायला तमारानं नकार दिला. नोकरी गेली, पाठोपाठ देशही सुटला. अशी मी ग्रोनिंगन या डच शहरात आले.

इथे शेजारी मंजूषा, पुण्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आलेली. डच शिकायच्या वर्गात दोघींची गट्टी जमली. वडील गेले तेव्हा मंजूषानं त्यांचा अग्निसंस्कार इथूनच फोनवर पाहिला होता. हे तिनं तमाराला मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं होतं, आणि तमारानं तिला मढ्यापाशी गायच्या त्या चालीबद्दल.

एका दुपारी मंजूषा थालीपीठ घेऊन आली असताना तमाराच्या भावाचा, फ्योदोरचा फोन आला. त्याचा मुलगा मात्वे लढाईत गेला होता. शवपेटी घरी आली होती.

तमारा म्हणाली, "फोन त्याच्यापाशी धर. आजीची चाल आता मलाच येते. मला रडू दे त्याच्यासाठी."

"ज्या लढाईला तू नावं ठेवलीस, तिच्यातच तो गेला," फ्योदोर म्हणाला. "तुझं रडणं नको आम्हाला."

फोन बंद झाला. तमारा माझ्यावर येऊन बसली. तिनं तोंड उघडलं, पण नुसता श्वास बाहेर आला. भाषा कळली नसली तरी मंजूषाला प्रकार कळला. ती खाली जमिनीवर बसली.

"तमाराताई, मी ऐकते. म्हणा तुम्ही."

"हे मेलेल्याला ऐकू जायला लागतं गं," तमारा म्हणाली. "तुला नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला उचलून मंजूषाच्या घरी आणलं. जाळायचा धीर होत नाही आणि डोळ्यांसमोरही नको, एवढंच सांगून ती गेली. तेव्हापासून ती गायलेली नाही.

आता मी मंजूषाच्या दारापाशी उभी आहे. तिची लेक आर्या माझ्या पात्यावर सायकलचं हेल्मेट अडकवते, बुडावर दप्तर टाकते. माझी तक्रार नाही. परवा तमारा थालीपिठाचा डबा परत द्यायला आली. माझ्याकडे पाहिलं आणि चप्पलही न काढता उंबऱ्यावरूनच वळली.

माझे घोडे पुसट झालेत, लाकूड अजून भक्कम आहे. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. आणि ती पुन्हा आली, तर तिला गा म्हणू नका, काही विचारूही नका. तेवढं दप्तर उचलून बसायला जागा करून द्या.