खाऱ्या वाऱ्यातला रंग

मी रंग बोलतोय. एका लहानशा चारचाकीच्या अंगावरचा निळा रंग. आज मला बघून कोणी निळा म्हणणार नाही. पण मी निळा होतो, आणि असा की लोक वळून बघायचे.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. पत्र्यावर आधी राखाडी अस्तर बसलं, त्यावर मी, आणि माझ्यावर काचेसारखा पारदर्शक थर. आम्हाला खरपूस भाजून बाहेर काढलं आणि काम नेमून दिलं: पत्र्यापर्यंत पाणी पोचू द्यायचं नाही.

माझे मालक चष्मेवाले. दिवसभर दुकानात काचा घासायच्या आणि चौकटीत बसवायच्या. ओरखड्याशी त्यांचं हाडवैर. रविवारी सकाळी ते बादली घेऊन माझ्याकडे यायचे. आधी नुसतं पाणी, मग साबण, मग मऊ फडका. "कोरडं पुसायचं नाही, धूळच चरे पाडते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. पक्षी माझ्यावर शिटला तर भरल्या ताटावरून उठायचे. मेण लावताना त्यांचा हात गोल गोल फिरायचा, आणि मला वाटायचं, हा रविवार संपूच नये.

मालकीणबाई दारातून म्हणायच्या, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत हो."

"तुला कुठे गंज चढतोय?" ते हसायचे.

बाईंची थोरली बहीण समुद्रकाठच्या गावात एकटी राहायची. ताई फोनवर दर वेळी म्हणायच्या, "गाडी घेऊनच या की, अंगणात जागा आहे." मालकांचं उत्तर ठरलेलं. "तिथली हवा खारी. एकदा मीठ आत शिरलं की रंग संपला. आपण बसने जाऊ." जायचेही. पण पुढे बाईंचे गुडघे धरले, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि जाणं राहिलं ते राहिलंच. बहिणी फोनवर बोलत राहिल्या. हळूहळू बाईंनी जायचा विषय काढणंही सोडलं.

एका रविवारी शेजारी थबकले. "इतकी जुनी गाडी वाटतच नाही! कालच आणल्यासारखी दिसतेय."

"दिसणारच," बाई पायरीवरून म्हणाल्या. "कुठे गेलीच नाही ती. मीही तशीच."

रागाने नाही, आभाळ आलंय म्हणावं इतक्या सहज म्हणाल्या. शेजारी निघून गेले. मालक ओला फडका हातात धरून तसेच उभे राहिले. पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं.

"बॅग भर," ते म्हणाले.

"कसली बॅग?"

"ताईंकडे जायचंय ना? आत्ता निघालो तर उजेडात पोचू."

"आणि ती खारी हवा?"

"अगं, भर म्हणतोय ना!"

वाटेत एका मालवाहू गाडीच्या चाकाखालून खडा उडाला आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरून माझा टवका उडाला. मालकांनी आवाज ऐकला. ओठ आवळले, पण गाडी थांबवली नाही. बाईंनी खिडकी पूर्ण खाली केली होती.

ताई आवाज ऐकून बाहेर आल्या. एक हात भिंतीवर, मग हवेत, मग माझ्यावर. मला चाचपत, माझ्या कडेकडेने त्या दारापर्यंत आल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघी रडल्या, हसल्या, "किती वाळलीस गं" असं एकमेकींना म्हणाल्या. मग वळताना ताई शेजारीच ठेवलेल्या बॅगेला अडखळल्या. "दिसलीच नाही बघ!" म्हणून पुन्हा हसल्या.

मालक हसले नाहीत.

"ताई, समोर बघा. माझी बोटं दिसली की सांगा." त्यांनी हात बाजूने हळूहळू पुढे आणला. ताई समोरच बघत होत्या. हात कानापाशी आला, गालापाशी आला. अगदी नाकासमोर आल्यावर त्या म्हणाल्या, "हां, दिसली."

"केव्हापासून असं होतंय?"

"झाले की बरेच दिवस. वयाचं असेल म्हटलं. फोनवर काय सांगायचं?"

मालकांनी तळहात माझ्यावर टेकला आणि खाली मान घालून उभे राहिले. हात उचलला तेव्हा घामाचा पूर्ण ठसा माझ्यावर राहिला होता. त्यांनी तो पाहिला. पुसला नाही.

इस्पितळातून परतताना ताई मागच्या आसनावर झोपल्या होत्या. मालक बाईंना हळू आवाजात म्हणाले, "काचबिंदू. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. डावा औषधाने टिकेल." बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "मी आधी आलो असतो तर एका नजरेत ओळखलं असतं गं." बाईंनी गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला.

मालक आणि बाई ताईंकडेच राहिले. दुकान मदतनिसाच्या हवाली झालं. पहिला रविवार आला तेव्हा मी बादलीच्या आवाजाकडे कान लावून होतो. मालक ओटीवर ताईंच्या डोळ्यांत थेंब घालत होते. पुढच्या रविवारीही. मग रविवार कुठला, हेही मला कळेनासं झालं.

आता वरचा थर दुधाळ होऊन सोलत चाललाय. टवक्यातून मीठ शिरलं, पत्रा गंजला, आणि चाकावरच्या पत्र्याला फोड आलेत. मला भट्टीत नेमून दिलेलं काम माझ्याच्याने झालं नाही. मालक रोज ताईंना गाडीतून कुठे ना कुठे नेतात-आणतात. त्यांची नजर ताईंच्या पावलांवर असते.

काल रंगारी आला होता. "सगळं खरवडावं लागेल," म्हणाला.

ताई लगेच म्हणाल्या, "चाकावरचे ते फोड तेवढे ठेवा हं. ते हाताला लागले की पुढच्या पावलाला दार येतं. गुळगुळीत केलंत तर मी धरू काय?"

"दाराजवळ जाडशी पट्टी चिकटवून देतो, ताई," मालक म्हणाले. "पण पत्रा सडला तर तुम्हाला नेऊ कशातून?"

म्हणजे माझं ठरलं. उद्या पत्र्यावर घासकागद फिरेल.

माझ्या जागी येणाऱ्या रंगा, ऐक. सकाळी एक हात येईल, चाचपडत. त्याला दारापर्यंत जाऊ दे. मीठ जितकं अडवता येईल तितकं अडव. आणखी दोन हात आहेत, फार मऊ फिरतात. ते येतील म्हणून वाट बघू नकोस. मी बघतोय, तेवढं पुरे.