अझुकीचं उजवं हाड

आमच्या जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर उत्सुगी यांनी हाडं छापायचं यंत्र आणलं, तेव्हापासून इथे जपानमधल्या साकाई शहरातला एकही कुत्रा साधा लंगडा राहिला नाही. पूर्वी कुत्र्याचा पाय मोडला की डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघायचे, मान हलवायचे आणि कापायला घ्यायचे. आता आधी त्या हाडाची प्लास्टिकची हुबेहूब प्रत निघते, तिच्यावर करवत चालवून रंगीत तालीम होते, हाड जोडायची धातूची पट्टी वाकवून बसवून बघतात, आणि मगच खऱ्या कुत्र्याची पाळी येते. पद्धत उत्तम आहे, मी नावं ठेवणार नाही. तीस वर्षं मी इथे परिचारिका आहे आणि डोळे झाकून केलेल्या शस्त्रक्रियांनंतरची रडारड मीच निस्तरलेली आहे.

पण यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याच्याभोवती उभी राहणारी माणसं आम्हीच.

अझुकी ही तोमिएबाईंची पूडल कुत्री. वजन अडीच किलो. सोफ्यावरून उडी मारली आणि पुढचा उजवा पाय मोडला. दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यात जोडला तो वाकडा जुळला, पंजा बाहेर फेकला गेला. आता हाड पुन्हा कापून सरळ करायचं होतं. हाड पेन्सिलीएवढं. करवत चुकीच्या बाजूने गेली तर दुसरी संधी नाही, अझुकी जन्मभर तीन पायांवर.

त्या दिवशी सकाळी नऊला तालीम होती. आम्ही अकरा जण टेबलाभोवती उभे. तरुण डॉक्टर नारुमीने संगणकावर हाड तयार करून यंत्रात घातलं होतं. उत्सुगी डॉक्टरांनी ते दोन बोटांत उचललं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "सुंदर! याहून अचूक हाड मी आयुष्यात पाहिलं नाही."

मी पाहिलं. ते डावं होतं.

म्हणजे पाय तोच, वाकडेपणा तोच, पण सगळं आरशातल्यासारखं उलटं. तीन आठवडे रोज तो पाय मी चोळला होता, माझ्या बोटांना त्याची वळणं पाठ होती. मी नारुमीकडे पाहिलं. त्याचा चेहरा शिजवलेल्या मुळ्यासारखा पांढरा पडला होता, म्हणजे त्यालाही आत्ताच उमगलं होतं. भूलवाल्या ओगावाबाई छताकडे बघत होत्या. बाकीचे आपापल्या चपलांकडे. अकरातल्या किमान सहा जणांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

पण मोठे डॉक्टर "अचूक" म्हणून चुकले होते. आता ते चूक आहे असं म्हणणं म्हणजे सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडावर ओला पंचा मारणं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आळीमिळी गुपचिळी. डॉक्टरांनी झोकात करवत चालवली, पट्टी वाकवली, बसवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला माझा राग येत होता आणि टाळ्याही वाजत होत्या.

शस्त्रक्रिया दुपारी एकला होती. बारा वाजता तोमिएबाई अझुकीला भेटायला येणार होत्या. या बाईंचं खायच्या समुद्री शेवाळाचं दुकान आहे आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा स्वभाव. मला वाटलं, हिच्या हातात हाड दिलं तर जे आम्हा अकरा जणांना जमत नाही ते ही एकटी करेल. मालकांना नमुना दाखवावा अशी डॉक्टरांचीच आवड होती, तेव्हा माझ्यावर काही येणार नव्हतं. नारुमीने तालमीआधी काढलेली दुसरी, तशीच उलटी प्रत मी उचलली.

पण उघडी वस्तू कुणाच्या हातात कशी द्यायची? आमच्याकडे गाजरसुद्धा गुंडाळून देतात. मी कपाट उघडलं, हाताला आलेल्या खोक्यात हाड ठेवलं, पांढऱ्या कापडात बांधलं, वर नीट गाठ मारली आणि दोन्ही हातांनी, वाकून, प्रतीक्षागृहात बसलेल्या तोमिएबाईंपुढे धरलं.

त्यांनी खोकं हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं. आणि बसल्या जागी कोसळल्या.

"किती वाजता गेली गं?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पांढरं खोकं, पांढरं कापड, आत हाड. जनावराचं दहन झाल्यावर ज्यात आम्ही अस्थी घरी देतो, त्यातलं खोकं होतं ते.

"नाही नाही, बाई, जिवंत आहे ती!"

"खोटं बोलू नकोस! साठ वर्षं ओझी वाहतेय मी, खोक्याच्या वजनावरून कळतं मला. एवढीशीच उरली का गं माझी अझुकी?"

त्यांनी असा हंबरडा फोडला की प्रतीक्षागृहातली तीन कुत्री सुरात सूर मिसळून रडायला लागली. आतून उत्सुगी डॉक्टर धावत आले, मागे अख्खी फौज. नारुमीने पळत जाऊन अझुकीला आणलं. तिने मालकिणीचं नाक चाटलं. तोमिएबाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि खोकं उघडलं.

"मग हे कुणाचं?"

"अझुकीचंच. प्लास्टिकची प्रत आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "अगदी अचूक."

बाईंनी हाड अझुकीच्या पायाशेजारी धरलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"अहो डॉक्टर, हिचा पंजा बाहेर जातो. हे हाड आत वळतंय. हे उलटं आहे."

"बाई, यंत्र चुकत नाही."

"यंत्राचं मला सांगू नका. नवऱ्याच्या अस्थी भट्टीतून निघाल्यावर रीतीप्रमाणे लांब काड्यांनी मी स्वतः वेचल्यात. भट्टीवाला म्हणाला हा कोपर, मी म्हटलं गुडघा. गुडघाच निघाला. तुम्हाला डावं-उजवं कळत नाही, आणि हे एवढे सगळे काय बघत होते? भिंत?"

डॉक्टरांनी हाड घेतलं, फिरवलं, आणि त्यांचे कान लाल झाले. मग पडले तरी नाक वर.

"छान! मी हेच पाहत होतो, कुणाच्या लक्षात येतंय का."

"आम्हाला शंका आली होती, डॉक्टर," दहा जण एका आवाजात म्हणाले.

"शंका ठेवायला वेगळं कपाट आहे का तुमच्यात?" तोमिएबाई म्हणाल्या.

त्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द झाली. नवं हाड छापलं, या वेळी उजवं. दुसऱ्या दिवशी पट्टी पहिल्या फटक्यात बसली. फोटोत हाड सरळ दिसलं तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी तोमिएबाईंनी सगळ्यांना शेवाळाची पाकिटं वाटली, डॉक्टरांनाही. शेवटी माझ्यापाशी आल्या. पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही.

"ते हाड तू मुद्दाम माझ्या हातात दिलंस ना? तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"काल सकाळी नऊपासून."

"आणि मी काल आलेच नसते तर?"

मी माफी मागायला कमरेत वाकले, खूप खाली.

"वाकू नकोस. उत्तर दे."

"पाय आणखी वाकडा झाला असता."

"आणि तू काय केलं असतंस?"

"मी त्यावर छान बँडेज बांधलं असतं," मी म्हणाले.