उजवी बाजू वर

अकरा वर्षं आमच्या गावच्या पर्यटन संघाची वेबसाइट मी सांभाळली. पानं मी लिहायची, फोटो मी चढवायची, आणि शेवटचं 'प्रकाशित करा' बटण मात्र कुरामोचीसाहेब दाबायचे. एप्रिलमध्ये ते बटण त्यांनी दुसऱ्याकडे सोपवलं. कुणाकडे? ओरिहाराकडे! येऊन आठ महिने झालेल्या पोरीकडे!

"हिसानोसान, तिची पानं तुम्ही एकदा नजरेखालून घाला," साहेब म्हणाले. "'तपासलं'वर टिचकी मारलीत की ती पुढे ढकलेल. तीन महिने बघू. नाही जमलं तिला, तर बटण तुमच्याकडे."

जळफळाट झाला नुसता माझा. पोरगी हुशार होती, कामाला वाघ होती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

जूनमध्ये तिने सावेआजींच्या सराईचं पान केलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी किमोनो घालून दारात उभ्या, असा फोटो. पण आजींचं तोंड मजकुराच्या उलट दिशेला होतं, म्हणून हिने एक बटण दाबून फोटो आरशासारखा उलटवला. खोटं कशाला बोलू, पान झकास दिसत होतं. तेवढ्यात माझी नजर आजींच्या गळ्यापाशी अडकली. फोटोबरोबर किमोनोही उलटला होता. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त मढ्याची.

एक हाक मारायचा अवकाश होता. ओरिहारा समोरच बसून काहीतरी कुरुमकुरुम चावत होती. मनात म्हटलं, दाब बाई तुझं बटण, होऊ दे शोभा. आणि मी 'तपासलं'वर टिचकी मारली.

दुसऱ्या दिवशी सावेआजी काठी टेकत ऑफिसात हजर.

"काय रे कुरामोची, मला पोचवायची एवढी घाई झालीय का तुम्हाला? सकाळपासून शेजारणी फोन करून विचारतायत, आजी आहेत ना म्हणून!"

साहेबांचा चेहरा खाडकन पडला. ओरिहारा कमरेत वाकली ती वाकलेलीच.

"चूक माझी आहे, आजी. फोटो मी उलटवला. हिसानोसानना माझ्यामुळेच दुप्पट काम पडतं, त्यांचा काही दोष नाही."

आता ही माझी बाजू घेणार! त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवाच वाटला.

"नजरेतून सुटलं, आजी," मी म्हटलं.

"पोरीचं सोड," आजी म्हणाल्या. "तिला कुणी शिकवलंच नसेल. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या ह्यांना शेवटचा किमोनो तूच घातलास ना गं? मी रडत रडत डावी बाजू वर घ्यायला गेले, तर माझा हात धरून तूच म्हणालीस, 'आजी, आता उजवी वर.'"

ओरिहारा हळूहळू सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली.