अपील आल्याशिवाय

लीगच्या सचिवांचा फोन आला. नव्या अंपायरांच्या यादीत आमच्या मुलीचं नाव होतं. महिलांच्या अंतिम सामन्याला तिला प्लेटमागे, म्हणजे मुख्य अंपायर म्हणून, उभं करायचा त्यांचा विचार होता. महिना आहे हातात, तेवढ्यात तयार करा, म्हणाले. वर हेही म्हणाले की फार तयार करू नका, नाहीतर तुमच्यासारखी घुमी होऊन बसेल.

मी बत्तीस वर्षं सॉफ्टबॉलचं अंपायरिंग केलं. पोटापाण्यासाठी बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. समोरून पट्ट्यावर बाटल्या जायच्या, तडा गेलेली दिसली की काढून बाजूला ठेवायची. रविवारी मैदान. माझी बायको त्याच सामन्यांचं गुणलेखन करायची. टेबलाशी बसून पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची खूण करायची. घरी येताना मी विचारायचो, आज कसं झालं. मग ती म्हणायची, "विचारलंत म्हणून सांगते," आणि चौथ्या इनिंगमध्ये तुम्ही स्ट्राइक दिलेला चेंडू गुडघ्याच्या खाली होता, असं काहीतरी सांगायची. न विचारता कधी सांगितलं नाही. ती आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून मी मैदानाकडे फिरकलो नव्हतो.

मुलीला घरात बोकी म्हणतात. लहानपणी दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना पकडली गेली, ते नाव चिकटलं. ती बारा वर्षं कॅचर म्हणून खेळली. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. आता जमीनमोजणी करणाऱ्या एका कंपनीत आहे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते.

बोकीला एक गोष्ट माहीत नव्हती. तिची आई वाचणार नाही, हे डॉक्टरांनी मला बारा मार्चला सांगितलं होतं. बोकी तेव्हा कंपनीच्या शिक्षणक्रमासाठी दुसऱ्या शहरात होती. परीक्षा संपवून ती तीस एप्रिलला संध्याकाळी आली, तोवर आईचं बोलणं बंद झालेलं होतं. दोन मेला सगळं संपलं. आजार अचानक उलटला असा बोकीचा समज होता. तो मी करून दिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. तिने विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. आता चार शनिवार ती माझ्यासमोर बसणार होती. सचिवांनी फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

पहिल्या शनिवारी बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं. खोक्याचा पुठ्ठा कापून पाच कोनांची प्लेट केली, तिच्यामागे कॅचर म्हणून खुर्ची ठेवली. बोकी म्हणाली, "बाबा, आमच्या शाळेच्या टीमपेक्षा ही खुर्ची बरी. निदान जागची हलत नाही."

तिला मी सांगितलं ते फार मोठं नाही. कॅचरच्या थेट पाठीमागून बघायचं नाही. बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत उभं राहायचं आणि हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वर ठेवायची. चेंडू आला की डोळे फिरवायचे, मान फिरवायची नाही. चेंडू मोजायचा क्लिकर डाव्या हातात. उजवा हात निर्णयाचा, त्यात काही नको. प्लेट पुसताना तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे करायची, लोकांना पार्श्वभाग दाखवायचा नाही. सामन्याच्या आधी कोणत्याच टीमकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आपली बाटली आपण न्यायची. आणि आउट द्यायची घाई करायची नाही. रनरला ग्लव्ह लागलेला दिसला की हात आपोआप वर जायला बघतो. आधी चेंडू कुठे आहे ते बघायचं. माझ्या पहिल्याच वर्षी मी हात वर केला तेव्हा चेंडू फिल्डरच्या पायाशी लोळत होता. बोकीचा मामा प्रेक्षकांत होता. "भाऊजी, बाटली फुटकी निघाली," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. ते वाक्य दहा वर्षं घरात फिरत होतं. भाजी करपली तरी बायको तेच म्हणायची.

दुसऱ्या शनिवारी आवाजाची तालीम झाली. बोकीचा आवाज आईसारखा, बारीक पण लांब जाणारा. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की भांडण चाललंय का. त्याच दिवशी मी तिला सांगितलं की चुकलेल्या निर्णयाची भरपाई करायची नाही. एका टीमवर अन्याय झाला असं वाटलं की पुढचा संशयाचा चेंडू त्यांच्या पारड्यात टाकावासा वाटतो. तसं केलं की एकाच्या दोन चुका होतात, आणि दुसरी जाणूनबुजून केलेली असते.

तिसऱ्या शनिवारी अपीलवर आलो. रनरने धावताना बेसला पाय लावला नाही, तर ते अंपायरला दिसतं. पण त्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. समोरच्या टीमने अपील केलं तरच आउट द्यायचं. नाही केलं तर रन धरायची. गुणलेखकालाही हाच नियम. बॅटर चुकीच्या क्रमाने आली हे वहीत दिसत असलं तरी त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नसतो.

बोकीला नियम खेळाडू म्हणून पाठ होता. अंपायरच्या बाजूने तिने तो कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला दिसायचं, आणि तुम्ही मख्खासारखे उभे?"

"हो."

"आणि कोणी विचारलंच नाही तर?"

"तर घरी यायचं, हातपाय धुवायचे, जेवायला बसायचं."

"आईला तरी सांगत असाल."

"तिला दिसलेलंच असायचं."

ती हसली. मग मी तिला पुढचं सांगितलं. अपील नेमकं लागतं. कोणती रनर आणि कोणता बेस, हे त्यांनी सांगायला हवं. नुसतं काही चुकलं का म्हणून विचारलं, तर फार तर कशाबद्दल म्हणून विचारावं. त्यांना नाही सांगता आलं, तर विषय संपला. आणि शेवटच्या चेंडूनंतर त्यांच्या मुली मैदानाच्या रेषेबाहेर पडल्या की अपीलची मुदतही संपते.

हे बोलत असताना मला एप्रिलमधला तिचा एक फोन आठवला. आईचा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो, असं ती म्हणाली होती. सगळं ठीक आहे ना, मी येऊ का, असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, परीक्षा आटपून ये. डॉक्टर काय म्हणाले हे तिने विचारलेलं नाही, म्हणून मी खोटं बोललो नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली होती. शनिवारी प्लेटच्या पुठ्ठ्यापाशी उभा राहून तिला नियम सांगताना ती समजूत मला ऐकायला बरी वाटली नाही. तरी मी पुढे इलिगल पिचवर, म्हणजे नियमबाह्य चेंडूफेकीवर, गेलो. चौथ्या शनिवारी आम्ही नुसती उजळणी केली.

अंतिम सामन्याला मी जाळीमागच्या बाकावर बसलो. गुणलेखनाच्या टेबलाशी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, पेन्सिलीला टोक काढत. बोकीने माझाच मास्क लावला होता. पहिल्या इनिंगमध्ये दोन वरचे चेंडू तिने बॉल म्हणून दिले, ते स्ट्राइक होते. तिसऱ्या इनिंगपासून ती स्थिर झाली. पाचव्यात एका प्रशिक्षकाने हातवारे सुरू केले, तेव्हा ती त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिली आणि मग प्लेट पुसायला वाकली. हे मी शिकवलेलं नव्हतं. हे तिच्या आईचं. मी तावातावाने बोलायला लागलो की ती ओटा पुसायला घ्यायची.

सातव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला बरोबरी होती. दोन आउट, दुसऱ्या बेसवर रनर. बॅटरने चेंडू उजवीकडे लांब मारला. रनर तिसऱ्या बेसला वळसा घालून आत आली आणि प्लेटवर पोचली. सामना संपला. बाकावरच्या मुली धावत मैदानात आल्या.

रनरचा पाय तिसऱ्या बेसला लागला नव्हता. वीतभर आतून गेली. मला जाळीमागून दिसलं. बोकी योग्य जागी जाऊन उभी होती, तेव्हा तिलाही दिसलंच असणार. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

हरलेल्या टीमची कॅप्टन शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, होती. बाकीच्या मुली अजून आपापल्या जागी उभ्या होत्या. ती चालत बोकीकडे गेली. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, बोकीने नंतर सांगितलं. काही चुकलं तर नाही ना, असं तिने विचारलं. बोकीने विचारलं, कशाबद्दल. ती म्हणाली, तसं नाही, असंच. मग एकेक करून मुली रेषेबाहेर पडल्या. शेवटची मुलगी बाहेर जाईपर्यंत बोकी जागेवरून हलली नाही. नंतर तिने मास्क काढला.

सचिव माझ्याजवळ येऊन म्हणाले की पोरीने नाव काढलं. त्यांना काही दिसलेलं नव्हतं.

बोकी माझ्याबरोबर घरी आली. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पायाचे पॅड सोडत होती. कॅप्टनचं बोलणं तिने तेव्हाच सांगितलं.

"तिला वाटत होतं काहीतरी," ती म्हणाली. "पण तिने अर्धंच विचारलं."

मी कप काढले.

"बाबा, एप्रिलमध्ये मीही अर्धंच विचारलं होतं का?"

मी गॅस बंद केला. तिने पॅड खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई वाचणार नाही, हे तुम्हाला कोणत्या तारखेला कळलं?"

"बारा मार्चला."

तिने मनात दिवस मोजले असावेत.

"आईला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो, ती फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि रविवारचा सामना किती वाजता आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, नऊला. त्यानंतर आम्ही बोललो नाही त्यावर."

"पण तिला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं की तिला कळलंय."

"हो."

"सात आठवडे," बोकी म्हणाली. "एका घरात."

तिने दुसऱ्या पायाचा पट्टा सोडला. मी विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. नियमाने तिथे थांबायला हरकत नव्हती. तुझ्या परीक्षेसाठीच गप्प बसलो असं म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. ती भरपाई झाली असती. ते गिळलं. पण आणखी एक होतं.

"तू विचारलं नाहीस, तरी एक सांगतो," मी म्हणालो. "तो फोन आला तेव्हा आई शेजारीच पडलेली होती. तुझा फोन आहे हे तिला कळलं. तिने हात पुढे केला, फोनसाठी. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. परत येऊन तिला म्हणालो, कट झाला."

चहा गाळायचा राहून गेला. थोड्या वेळाने तिने दोन्ही पॅड पिशवीत भरले, मास्क मात्र ओट्यावर ठेवला. जेवायला थांबत नाही, म्हणाली. दार तिने आपटलं नाही, नेहमीसारखं ओढून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. तसं ठरलेलंही नव्हतं. बुधवारी दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं बोलायला केला असेल. तिने एकच विचारलं, आईने हात किती वेळ पुढे धरला होता. मी सांगितलं, मी गॅलरीत होतो, त्यामुळे बघितलं नाही. परत आलो तेव्हा हात पांघरुणावर होता. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती तीन-चार दिवसांनी फोन करते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट विचारते, आणि नेमकी विचारते. कोणत्या दिवसापासून आई भाकर खाईनाशी झाली. माझी परीक्षा कधी संपते हे आईने विचारलं का. एकदा विचारलं, की तुम्ही तिच्यासमोर रडलात का. जे दिसलं ते सांगतो. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणतो. तिला बरं वाटावं म्हणून एकही उत्तर वाढवलेलं नाही. ती माझ्यावर रागावली आहे की नाही, हे मला कळत नाही.

काल तिने विचारलं की आईने लिहिलेली शेवटची गुणवही कुठे आहे. मी सांगितलं, कपाटात, दुसऱ्या फळीवर, त्यात पेन्सिलही आहे. शनिवारी न्यायला येते, म्हणाली. ती फोन ठेवणार तेवढ्यात मी विचारलं, किती वाजता.

"साडेचारला," बोकी म्हणाली.