येद्लिन्काची दफनभूमी हलली ते वर्ष

येद्लिन्का गाव धरणात जाणार हे नक्की झालं, तेव्हा आधी जिवंत माणसांची सोय लागली आणि मग मेलेल्यांचा प्रश्न निघाला. धरणाचं पाणी प्राग शहराला प्यायला जायचं होतं. गावची दफनभूमी तशीच बुडवून चालणार नव्हतं. चौकातल्या कर्ण्यावरून सांगण्यात आलं, की आपापल्या माणसांच्या कबरी कचेरीत नोंदवा, त्या वरच्या माळावर हलवू. ज्यांना कोणी विचारणार नाही, त्यांची हाडं एकाच खड्ड्यात जातील.

हेद्विका शिवणकाम करायची. सत्तावन्न वर्षांची बाई, कमी बोलणारी. लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत, तिला मुलगी झाली होती, पण श्वास न घेताच. बाप्तिस्मा न झालेल्या पोराला देवळाच्या पवित्र जमिनीत जागा नव्हती. हेद्विका तापाने फणफणलेली. नवऱ्यानेच, मातौशने, बाळाला नेऊन पुरलं होतं. बरी झाल्यावर त्याने तिला कुंपणाच्या भिंतीबाहेरचं लायलॅकचं झुडूप दाखवलं. पुढे त्यांना मूल झालं नाही. अठ्ठावीस वर्षं ती दर रविवारी त्या झुडपाखाली जाऊन बसत होती.

कचेरीत शेजारणीचा मुलगा राडिम कारकून होता. त्याने रजिस्टर चाळलं आणि ओशाळून म्हणाला, "मावशी, नाव नाही, नोंद नाही. भिंतीबाहेरचं काही आमच्या यादीतच नाही. मी लिहू कुठल्या रकान्यात?"

"तू फक्त वर जागा दे," हेद्विका म्हणाली. "खणायचं मी बघते."

राडिमने जरा विचार केला आणि हातभर जागेची चिठ्ठी लिहून दिली.

घरी मातौश टेबलाशी बटाटे सोलत बसला होता. पूर्वीचा गवंडी, आता गुडघ्यांनी घरी बसवलेला. फावडं कुठे आहे, असं हेद्विकाने विचारलं आणि कशाला हवंय तेही सांगितलं. तो सोलतच राहिला. हातातला बटाटा अक्रोडाएवढा उरला, तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली.

"तिथं खणू नकोस. तिथं ती नाही."

मग खाली मान घालून तो सगळं बोलला. त्या दिवशी जमीन दगडासारखी गोठली होती. भिंतीपाशी कुदळ नुसती उडत होती. त्याच सकाळी दोरखंडवाल्याच्या विधवेला, म्हाताऱ्या रोझालियाला, मूठमाती दिली होती. तेवढीच माती भुसभुशीत होती. फादर जेवायला गेल्याचं पाहून त्याने ती उकरली आणि बाळाला तिच्याशेजारी ठेवलं. कोणाला कळलं असतं तर काढायला लावलं असतं, म्हणून बायकोलाही झुडूप दाखवलं.

हेद्विका उभीच होती. "अठ्ठावीस वर्षं मी तिथं फुलं ठेवतेय. तू बघत होतास."

"हो."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. मग तुला तिथं बसून जरा बरं वाटायला लागलं. ते कसं काढून घेऊ?"

त्या दिवसापासून हेद्विकाने अंथरूण शिवणयंत्राच्या खोलीत नेलं. ती त्याच्यापुढे ताट ठेवायची, पण शब्द काढायची नाही. असे तीन आठवडे गेले. त्या काळात ती झुडपाकडे गेली नाही आणि रोझालियाच्या कबरीकडेही नाही.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मात्र ती कचेरीत गेली. रोझालियाचं नाव खड्ड्याच्या यादीत होतं. तिच्या मागे कोणीच नव्हतं. राडिमला गावातली सगळी नातीगोती पाठ. त्याने विचारलं, "ही तुमची कोण लागते, मावशी?"

"आमची आहे. लिही."

राडिमने तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

एप्रिलमध्ये ताडपत्रीचा आडोसा लावून कामगार कबरी उघडू लागले. रोझालियाची पाळी आली तेव्हा दोघं बाहेर थांबली होती, हातभर अंतर ठेवून. मुकादम लाकडी पेटी घेऊन आला. शेजारी काही बारीकसं सापडलं का, असं हेद्विकाने विचारलं. मुकादमाने टोपी काढली. म्हणाला, "इतक्या वर्षांनी एवढ्याशा जिवाचं काही राहत नाही, बाई. पण कडेची माती आम्ही खरवडून घेतलीय. सगळी."

खरं होतं की तिच्या समाधानासाठी म्हणाला, ते त्यालाच ठाऊक. वर न्यायला ट्रक होता, पण मातौशने पेटी उचलली. चढावर त्याला धाप लागली. हेद्विकाने दुसरी कडी धरली आणि दोघांनी ती माळापर्यंत नेली.

पुढे दुधाच्या रांगेत कोणीतरी विचारलंच, की त्या दोरखंडवालीचं तुम्हाला काय एवढं?

"तिच्या कुशीत आमची मुलगी आहे," हेद्विका म्हणाली. आजवर 'आमची मुलगी' हे शब्द तिने चारचौघांत कधी उच्चारले नव्हते. एका म्हातारीने आपला नंबर तिला दिला.

शरद ऋतूत चौकातली घरं सुरुंगाने पाडली आणि पाणी चढायला लागलं. नव्या वस्तीतल्या घरातही हेद्विका वेगळ्याच खोलीत झोपायची. मातौशला तिने माफ केलं की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. तो आणखी चार वर्षं जगला. त्याला कुठे ठेवायचं, असं विचारायला राडिम आला, तेव्हा तिने रोझालियाशेजारची जागा सांगितली, आणि त्याच्या पलीकडची स्वतःसाठी.